बिबट्या न चावल्याचा दाखला

रकाना ४. घटनेचे स्वरूप (थोडक्यात)

बिबट्या चावला नाही.

रकान्यात दीड इंच जागा होती आणि एवढंच तिच्यात मावलं. शिवाय ते खरं होतं. तरीही ह्या तीन शब्दांपायी शहाऐंशी सालचा माझा अर्धा ऑगस्ट गेला, म्हणून उरलेलं इथे लिहितो आहे. जागा अपुरी पडल्यास पाठकोरा कागद जोडावा, अशी सूचना अर्जाच्या तळाशी होतीच. ती मीच लिहिली होती. अर्जही मीच पट्टीने आखला होता, कारण बिबट्या न चावल्याचा छापील अर्ज सरकारात नाही. चावल्याचा आहे.

रकाना १ ते ३ (नाव, वय, हुद्दा) मुद्दाम गाळले आहेत. जयवंत तोंडवळकर, छत्तीस, कनिष्ठ लिपिक. गाळण्यासारखंच आहे की नाही?

रकाना ५. घटना कुठे घडली

मी राहायला मुलुंडला आणि माझं मोजमाप पडताळणीचं ऑफिस बोरिवलीला. नकाशात बघितलं तर ह्या दोन गावांच्या मध्ये फक्त जंगल आहे. शहाणी माणसं दादरपर्यंत खाली उतरतात आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा वर चढतात. मी मार्च महिन्यात मरोळच्या ह्युबर्टकडून जुनी मोटारसायकल घेतली आणि पवईवरून, आरेच्या दूधवसाहतीतून, गोरेगावला बाहेर पडायला लागलो. ह्युबर्ट आमच्या ऑफिसची टाइपरायटरं दुरुस्त करायला यायचा, म्हणून ओळख. गाडी देताना त्याने सांगितलं की ही चौथ्या किकला सुरू होते, आणि तिसऱ्या किकनंतर हिच्याशी थोडं गोड बोलावं लागतं. तो गंमत करतोय असं वाटून मी हसलो. तो हसला नाही.

आडरस्ता मात्र भाऊरावांचा. भाऊराव आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. बंद पडलेल्या एका गिरणीत ते टाइमकीपर होते. गिरणी गेली, टाइम राहिला. मी जिन्यातून उतरताना ते वरून माझी वेळ सांगतात. एके दिवशी त्यांनी मला थांबवून विचारलं की तू मुख्य रस्त्याने का जातोस, म्हशींच्या गोठ्यांमागून एक वाट आहे, आठ मिनिटं वाचतात. ते स्वतः त्या वाटेने चौसष्ट साली सहलीच्या बसमधून गेले होते आणि तेव्हा झोपले होते, हे नंतर पंचनाम्याच्या वेळी बाहेर आलं. पण आठ मिनिटं हा आकडा त्यांनी इतक्या खात्रीने सांगितला की मी दुसऱ्याच दिवशी त्या वाटेला लागलो.

आठ मिनिटं खरोखरच वाचतात. मोजून बघितली आहेत. जनावरं नसली तर.

रकाना ६. उशिराची कारणे

आमच्याकडे दहा वाजून दहा मिनिटांनी हजेरीपुस्तक अधीक्षकांच्या टेबलावर जातं. त्यानंतर येणाऱ्याने लाल शाईने वेळ आणि कारण लिहायचं. एका महिन्यात असे तीन शेरे झाले की एक किरकोळ रजा कापली जाते. एरवी मी ती मुकाट्याने कापून दिली असती. पण माझ्याकडे बरोबर पाच किरकोळ रजा उरल्या होत्या आणि यंदा गावच्या गणपतीची पाळी माझी होती.

हे कोकणाबाहेरच्या वाचकाला उलगडून सांगायला हवं. आमचं घर एक, गणपती एक आणि भाऊबंद चार. त्यामुळे पाळी चार वर्षांनी येते. ज्याची पाळी त्याने मूर्ती घडवतात त्या चित्रशाळेतून ती डोक्यावर आणायची, आणि पाचव्या दिवशी त्यानेच ती डोक्यावर घेऊन विसर्जनाला ओहोळावर पोचवायची. आणायला असलास आणि पोचवायला नसलास, तर पाळी मोडली. ती पुढच्या भावाने पुरी करायची आणि आपण पुन्हा चार वर्षं थांबायचं. ब्याऐंशीच्या पाळीला माझी बढतीची परीक्षा मध्ये आली, म्हणून माझी मूर्ती थोरल्या चुलतभावाने, दशरथदादाने पोचवली. (परीक्षेत मी नापास झालो.) आता ह्याही वेळी हुकलं असतं, तर अठ्ठ्याहत्तर ते नव्वद अशी बारा वर्षं माझ्या डोक्याला गणपती लागला नसता. दशरथदादाचं कार्ड जुलैतच आलं होतं: "पाळी तुझी आसा. येवचा नसात तर आताच कळय, मी डोक्याक तेल लावन ठेवतंय."

सुट्ट्या आणि रविवार धरून बरोबर पाच रजा लागत होत्या. चार पुरणार नव्हत्या. अर्जित रजा मे महिन्यात कांजिण्यांनी खाल्ली होती. छत्तिसाव्या वर्षी कांजिण्या, ह्या विषयावर ऑफिसात सर्वांचं बोलून झालेलं आहे, तेव्हा इथे नको.

तर, चार ऑगस्ट. आडरस्त्यावर ट्रकचा टायर आडवा पडलेला दिसला. मी ह्युबर्टची गाडी हळू केली, उतरलो आणि बाजूला सारायला वाकलो. टायरने जीभ बाहेर काढली. गवत कापणारी एक बाई लांबून म्हणाली की घोरपड आहे, ती आपणहून उठल्याबिगर जाऊ नका, शेपटीचा फटका देते. घोरपड चौदा मिनिटांनी उठली. हजेरीपुस्तकात मी लिहिलं: १०.२१, घोरपड.

अकरा ऑगस्ट. ह्या वेळी मी चालत्या गाडीवर होतो आणि झाडावरून मागच्या सीटवर काहीतरी धपकन पडलं. फांदी असेल म्हणून मी पुढे गेलो. मग त्या फांदीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. नंदा, म्हणजे आमची मंडळी, वळणावर ठेवते तसाच अगदी. पाव मैल मी त्या वानराला डबलसीट नेलं, कारण थांबलो तर त्याला काय वाटेल हे कळेना. शेवटी ते खांद्यावरून पुढे टाकीवर आलं, म्हणून थांबावंच लागलं. तिथे त्याला आरसा सापडला. त्याने उजवीकडून स्वतःला बघितलं, डावीकडून बघितलं, दात बघितले. मी जवळ गेलो की ते दात मलाही दाखवी. १०.२९, वानर.

अठरा ऑगस्ट, सोमवार. आभाळ भरलेलं, सकाळी नऊला दिवेलागणीसारखा उजेड. गोठ्यांच्या मागे ओढ्यावर एक बुटका पूल आहे, त्याला गुडघाभर उंचीचा कठडा. कठड्यावर बिबट्या बसला होता. मी वीस पावलांवर ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली.

बिबट्या माझ्याकडे बघत नव्हता. तो ओढ्याकडे बघत होता, सुट्टीच्या दिवशी गॅलरीत बसलेला माणूस खाली बघतो तसा. मी पहिली किक मारली. त्याने मान वळवून बघितलं. मी थांबलो, तोही पुन्हा ओढ्याकडे वळला. बऱ्याच वेळाने मी दुसरी मारली. ह्या वेळी त्याने जरा जास्त वेळ बघितलं. तिसरीला तो उठून उभा राहिला. आता ह्युबर्टच्या म्हणण्याप्रमाणे गोड बोलायची वेळ होती. मी टाकीवर ओणवा झालो आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हटलं, चल गं बाई. बिबट्याने कान टवकारले. चौथी किक मारायचा धीर होईना, कारण चौथ्या किकला ती सुरू होते, आणि सुरू होताना तिचा जो आवाज होतो तो मुलुंडमध्येही लोकांना आवडत नाही. असे आम्ही तिघे पस्तीस मिनिटं होतो. मी शांत उभा राहिलो.

मग तो खाली उतरला, सावकाश आळस दिला आणि माझ्या पुढच्या चाकाला अंग घासून झुडपात गेला. मडगार्डला त्याचे दोन केस चिकटले. हा पुरावा मी जपून मुलुंडला नेला. नंदाने ऐकलं, मीठमोहऱ्यांनी आधी माझी आणि मग मोटारसायकलची दृष्ट काढली, आणि इतक्या मोठ्या संकटातून आलेली वस्तू म्हणून ती दोन बादल्या पाण्याने धुऊन टाकली.

पण हे संध्याकाळचं. सकाळी ऑफिसात मी लिहिलं: १०.४४, बिबट्या.

आमच्या अधीक्षक रत्नप्रभा चौबळ. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावापुढे एकही लाल शेरा नाही. त्यांनी पुस्तक माझ्याकडे फिरवलं.

"तोंडवळकर, चार तारखेला घोरपड. अकराला वानर. आज बिबट्या. आकार वाढत चाललाय, हे तुमच्या लक्षात आलंय का?"

"मॅडम, खरंच होता."

"नव्हता असं मी म्हटलेलं नाही. मी दाखला मागतेय."

त्यांनी परिपत्रक काढलं. मानवी नियंत्रणाबाहेरच्या कारणाने झालेला उशीर माफ होतो, मात्र सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा लागतो. मी विचारलं, बिबट्याचा सक्षम अधिकारी कोण? त्यांनी परिपत्रक पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचलं, मागची बाजूही बघितली.

"त्याचा जो कोणी असेल तो," त्या म्हणाल्या. "महिनाअखेरपर्यंत आणा. नाहीतर मला एक रजा कापावी लागेल. मला त्यात आनंद नाही."

हे शेवटचं वाक्य त्या प्रत्येक रजा कापताना म्हणतात, आणि ते खरं असतं. म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नाही.

रकाना ७. ह्यापूर्वी कोणत्या कार्यालयात अर्ज केला

भाऊरावांनी सांगितलं, आधी पोलिसात एंट्री झाली पाहिजे. मी चौकीवर गेलो. हवालदार भला माणूस होता. त्याने वही उघडली आणि विचारलं, चावला का? नाही. ओरबाडलं? नाही. गाडीचं काही नुकसान? उलट पुढचं चाक पुसून निघालं. त्याने वही मिटली. मग त्याने शांतपणे विचारलं की त्या जागी आधी कोण होतं, तो की तुम्ही? मला कबूल करावं लागलं की तो. तेव्हा अडवणूक नक्की कोणी कोणाची केली ह्याचा घरी जाऊन विचार करा, असं सांगून त्याने मला चहा पाजला.

वसाहतीच्या ऑफिसात वेगळीच अडचण. त्यांच्याकडच्या प्रत्येक जनावराच्या कानाला नंबराचा बिल्ला असतो. तुमच्या जनावराच्या कानाला होता का? मी म्हटलं, कान टवकारलेले होते, बिल्ला दिसला नाही. मग ते आमचं नाही, ते म्हणाले. मी जायला निघालो तेव्हा एकाने दारापर्यंत येऊन विचारलं, दूध देतं का?

शेवटी वनखात्याच्या एका लहानशा ऑफिसात चंद्रप्रकाश नावाचे लिपिक भेटले. इतका मृदू माणूस मी सरकारी खुर्चीत बघितला नव्हता. त्यांच्याकडे तीन प्रकारचे छापील अर्ज होते: माणूस दगावल्यास, माणूस जखमी झाल्यास आणि गुरं दगावल्यास. तिन्ही त्यांनी माझ्यासमोर मांडले आणि ह्यांतलं काहीतरी मला बसेल अशा आशेने ते माझ्याकडे बघत राहिले.

"कुठे जरासं खरचटलंही नाही?"

"नाही."

"बरोबर शेळी वगैरे होती का?"

"मोटारसायकलवर?"

"तेही खरं. एखादी कोंबडी?"

मी नाही म्हटलं तेव्हा त्यांना माझ्याइतकंच वाईट वाटलं. मग त्यांनी मार्ग काढला. साध्या कागदावर अर्ज आखा, जागेचा पंचनामा करा, दोन पंचांच्या सह्या घ्या आणि पायाच्या ठशाचा प्लास्टरमधला साचा जोडा. साचा असला की साहेब सही करतात. हे सगळं विचारून घेण्यात त्या दिवशी मला चौथा लाल शेरा बसला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: बिबट्याच्या दाखल्यासाठी. रत्नप्रभा मॅडमनी ते वाचलं आणि मला आठवण करून दिली की आणखी दोन शेरे झाले की दुसरी रजा जाईल. म्हणजे रजा वाचवण्याच्या कामासाठी रजा लागत होती आणि त्या कामापायी ती कापलीही जात होती. ऑफिसात आता सकाळी नमस्काराऐवजी "आज कोण?" असं विचारायची पद्धत पडली होती. मी कोणालाच उत्तर देत नसे. माणसाने कुठेतरी मान राखावा.

प्लास्टर मुलुंडच्या मालनताईंकडून आणलं. त्यांचा गणपतीचा कारखाना, आणि चतुर्थी पंधरा दिवसांवर. हाताला रंग, तोंडात ब्रश, आजूबाजूला दोनशे मूर्ती डोळे नसलेल्या. बिबट्याच्या पायासाठी प्लास्टर हवंय म्हटल्यावर त्यांनी ब्रश तोंडातून काढला. कढीइतकं पातळ कर, हळू ओत, आणि पूर्ण सुकल्याशिवाय उचलू नकोस, एवढं सांगून त्या पुन्हा एका सोंडेकडे वळल्या. अशी मागणी त्यांच्याकडे दरवर्षी येत असावी असं वाटलं.

पंच दोन. पहिले भाऊराव, कारण त्यांना टाळता येणं शक्य नव्हतं. दुसरा ह्युबर्ट. गाडी आपण विकली आहे, तेव्हा थोडी जबाबदारी आपलीही आहे, असं त्याचं म्हणणं. गुरुवारी पहाटे सहाला भाऊराव माझ्या मागे बसले: एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मनगटी घड्याळ. घड्याळ मनगटावर बांधलं तर नीट दिसत नाही म्हणतात. पुलाजवळ ह्युबर्ट सायकल घेऊन आधीच उभा होता. चिखलात ठसे इतके होते की जणू रात्री तिथे कसली सभा झाली असावी. भाऊरावांनी एक ठसा निवडला. हाच, ते म्हणाले. मी विचारलं, कशावरून. ते म्हणाले, रुबाबदार आहे.

मी घमेल्यात प्लास्टर कालवलं आणि ठशात ओतलं. एवढ्यात लव्हाळ्यातून रानडुकरीण बाहेर आली, मागे पाच पिलं एका रांगेत. भाऊराव एरवी गच्चीवर जायला तीनदा थांबतात. ते गोठ्याच्या पत्र्यावर कधी आणि कसे चढले ह्याची पंचनाम्यात नोंद नाही, कारण ती घ्यायचं काम त्यांचंच होतं. ह्युबर्ट सायकलीसकट ओढ्यात उतरला. मी मोटारसायकलवर चढलो आणि किक मारत सुटलो. एक, दोन, तीन. डुकरीण थेट माझ्यावर आली. मी दोन्ही पाय उचलून हँडलवर ठेवले, ती गाडीच्या नाकाखालून घासत गेली आणि जाताना घमेलं तिच्या डोक्यात अडकलं. पिलं मात्र रांग न मोडता माझ्या चाकाला वळसा घालून तिच्या मागे गेली. पत्र्यावरून भाऊरावांचा आवाज आला, "सहा बावन्न." त्यांना तेवढंच सुचलं.

साचा मात्र उत्तम उतरला. चंद्रप्रकाशांनी तो दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला, आणि मला बसायला सांगितलं. माणूस बसायला सांगतो तेव्हा बातमी चांगली नसते.

"हा कुत्रा आहे," ते म्हणाले.

"नीट बघा हो."

"नखं दिसतायत. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. फार नीटनेटकं जनावर." मग हळूच, "आणि हाच तो ठसा म्हणून पंचनाम्यावर तुमच्या पंचांच्या सह्या आहेत. आता फाइलला लागलं म्हणजे लागलं."

अशा रीतीने सरकारी कागदोपत्री आजही नोंद आहे, की अठरा ऑगस्टला जयवंत तोंडवळकर ह्या इसमास एका कुत्र्याने पस्तीस मिनिटं अडवून धरलं, व तो चावला नाही.

रकाना ८. खाडाखोड (असल्यास प्रत्येक ठिकाणी सही करावी)

रकाना ६ मध्ये "मी शांत उभा राहिलो" असं आहे. ते खोडून "मला हलता येईना" असं वाचावं. ज. तोंडवळकर.

त्याच रकान्यात "टायरने जीभ बाहेर काढली" ह्यानंतर मी काय केलं ते लिहायचं राहिलं. ते राहू दे. ज. तोंडवळकर.

रकाना ९. (हा रकाना कार्यालयाने भरावयाचा आहे)

एकोणतीस तारखेला, शुक्रवारी, मी संपूर्ण फाइल रत्नप्रभा मॅडमपुढे ठेवली. अर्ज, पंचनामा, कुत्र्याचा पाय. मी ठरवलं होतं की रजा कापा म्हणायचं आणि दशरथदादाला कार्ड टाकायचं. ते कार्ड मी खरोखर लिहूनही ठेवलं होतं. त्यात एकच ओळ होती आणि ती लिहायला मला सबंध एक संध्याकाळ लागली होती. नंदाने ती वाचली आणि पुढे दोन दिवस गणपतीचा विषय काढला नाही. ती एरवी कुठला विषय सोडत नाही.

मॅडमनी फाइल वाचली. प्लास्टरचा पाय उलटा करून बघितला. त्याच्या लांबी-रुंदीची मापं घेतली, आमच्या ऑफिसची सवय.

"पुरावा नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही खोटं बोलताय असाही पुरावा नाही. खोटं बोलणारा माणूस कुत्र्याचा पाय जोडत नाही."

मॅडमनी पाय पुन्हा फाइलवर ठेवला.

"पडताळणी हेच आपलं काम आहे ना? मी येते. रविवारी. ऑफिसचा वेळ ह्यात जायला नको. मी गोरेगावला राहते, स्टेशनच्या पूर्वेला साडेआठला उभी असेन. उशीर करू नका."

मी मुलुंडहून सव्वासहालाच निघालो आणि मुख्य रस्त्याने गेलो.

रकाना १०. प्रत्यक्ष पाहणी

मॅडम डबलसीट एका बाजूने बसल्या, मांडीवर पर्स, पर्सवर वही, वहीवर छत्री. वळणावर त्या माझा खांदा धरत नव्हत्या, मागची कडी धरत होत्या. पुलापासून पन्नास-साठ पावलं अलीकडे दुधाच्या बंद टपरीचा ओटा आहे. तिथे आम्ही बरोबर नऊला पोचलो. त्यांनी रुमालाने ओटा पुसला आणि वहीत लिहिलं: आगमन ९.००.

सव्वानऊला बिबट्या आला. त्याने पूल ओलांडला, कठड्यावर चढला, बसला आणि ओढ्याकडे बघायला लागला. मी मॅडमकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही, फक्त छत्रीची मूठ त्यांनी दोन्ही हातांत धरली. अर्धा तास आम्ही श्वाससुद्धा हिशेबाने घेतला. मग तो उतरून पलीकडे गेला.

मी म्हटलं, "मॅडम, बघितलात ना? आता तरी अठरा तारखेचा शेरा माफ होईल."

"हा तोच होता कशावरून?"

मॅडमनी विचारलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "मी आज एक बिबट्या बघितला. अठराचा मी बघितलेला नाही. त्याच्यावर सही कशी करू? रजा कापावी लागेल, तोंडवळकर."

म्हणजे चार. मला डोळ्यांपुढे दशरथदादा दिसला, केसांना तेल चोपडत असलेला. माझी मूर्ती उचलून तो ओहोळाकडे चाललेला आणि मी कुठेतरी एस.टी.त, मुंबईकडे तोंड करून. मी उठलो आणि गाडीकडे निघालो.

"कुठे निघालात?" मॅडम म्हणाल्या. "आज रविवार आहे. सुट्टीच्या दिवशी वरिष्ठांच्या आदेशाने काम केलं तर एक दिवसाची बदली रजा मिळते. मी वरिष्ठ आहे, आदेश माझा आहे, आणि हे पडताळणीचं काम आहे."

चार आणि एक पाच.

"मात्र किमान चार तास. आपण नऊला आलो. आत्ता पावणेदहा होतायत." त्यांनी ओट्यावर माझ्यासाठीही रुमाल फिरवला. "बसा."

आम्ही बसलो. त्यांनी डब्यातून थालीपीठ काढलं, मला अर्धं दिलं. मूर्ती डोक्यावर घेतात म्हणजे खाली चुंबळ ठेवतात का, ओहोळ किती लांब, वाटेत माणूस बदलता येतो का, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं. बदलता येत नाही म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, त्यांना तो नियम पसंत पडला असावा. त्यांच्याकडे गणपती दीड दिवसांचा, आणि दीड म्हणजे बरोबर दीड, हेही कळलं. अकरा वाजले. साडेअकरा. एक म्हैस येऊन आमच्याकडे बघून गेली. मॅडमनी तिच्या कानाचा नंबर लिहून घेतला.

बारा अडतीसला बिबट्या परत आला. ह्या वेळी पुलावर थांबला नाही. सरळ रस्त्याने चालत आला आणि ओट्यापासून दहा पावलांवर, मोटारसायकलच्या पलीकडे, ओल्या रस्त्यात बसला. आता तो ओढ्याकडे बघत नव्हता. माझे पाय आपोआप वर उचलले गेले आणि पाठोपाठ बाकीचा मीही उठायला लागलो. मॅडमनी माझी बाही धरली. नजर बिबट्यावर, आवाज अगदी खाली.

"अजून बावीस मिनिटं आहेत. आत्ता उठलात तर चारच रजा."

मी बसलो. त्यांनी छत्री उघडून आमच्या दोघांच्या पुढे धरली. छत्रीच्या वरून बिबट्याचे कान दिसत होते, खालून पंजे. नखं आत होती, हे मी बघून ठेवलं. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. मी मनात ओहोळापर्यंतचा रस्ता चालत होतो, एकेक वळण, डोक्यावर मूर्ती सांभाळत, आणि दर वळणाला छत्रीखालून बघत होतो की पंजे जागेवर आहेत ना.

एकाला सात कमी असताना बिबट्या उठला, मोटारसायकलची सीट हुंगली आणि गवतात शिरला.

एक वाजता मॅडमनी छत्री मिटली. तिथेच ओट्यावर वही मांडीवर घेऊन त्यांनी माझी बदली रजा मंजूर केली: एक दिवस, काम नऊ ते एक, स्वरूप पडताळणी. सही केली, तारीख घातली. सहीचा शेवट मात्र कागदाच्या कडेपर्यंत गेला. मग पान उलटून त्यांनी पाहणीची नोंद पुरी केली. दुसऱ्या खेपेचं आगमन बारा अडतीस, प्रस्थान बारा त्रेपन्न. शेऱ्याच्या रकान्यात क्षणभर विचार करून त्यांनी बिबट्यापुढे लिहिलं: वेळेआधी गेला.